कंबरमोडीचे आवतण

८ सप्टेंबर, रविवार

कंपनीने मागच्या दिवाळीला दिलेली डायरी आज कपाटातून काढली. जानेवारीपासूनची पाने कोरी राहिली याचे वाईट वाटते, पण मागच्या तारखेवर आजचे लिहिणे मला जमणार नाही. ज्या दिवसाचे त्याच पानावर लिहायचे आणि शुद्ध लिहायचे. दहावीत मला घरी बसवले ते गणिताने, मराठीने नाही.

लिहायला बसण्याचे कारण असे की मला माझ्या बायकोचा, सुकेशनीचा हेवा वाटतो आणि हे कोणाला सांगता येत नाही.

आज सकाळी सावंगीचे कारभारी आले. विळा लागून पोटरी फाटलेली, कडेने पू धरलेला. आबांनी नेहमीप्रमाणे कडुनिंबाचा पाला उकळलेल्या पाण्याने जखम धुतली. मी तांब्या धरून उभा होतो. पुढचे काम मला लहानपणापासून माहीत आहे. कंबरमोडीचा पाला वाटायचा आणि फडक्यातून रस पिळायचा. पाटा माझ्याच बाजूला होता. पण आबांनी हाक मारली सुकेशनीला.

"पोरी, बघ बरं."

ती पिठाचे हात मागे धरून आली आणि खाली वाकली. इतकी वाकली की तिचे कपाळ कारभाऱ्यांच्या गुडघ्याला लागेल असे वाटले. मग सरळ झाली.

"चांगली हाय, मामा."

"मंग वाट पाला."

पाला तिने वाटला. कारभारी माझ्याकडे बघून हसले. "काय अजिनाथ, बापाचं औषध सुनंनं नेलं. तुझ्या वाट्याला मेंढरं का?"

"त्याला कंपनी हाय की," आबा म्हणाले.

मी तांब्या खाली ठेवला आणि गोठ्यात गेलो.

आमच्या घरात औषधाचा हात आहे. पणजोबा मेंढरांच्या जखमा बघायचे, मग माणसे येऊ लागली. हात एकाकडून एकालाच जातो. दसऱ्याला, ओंजळीत कंबरमोडी आणि तांदूळ घालून. आबांनंतर मी, हे मला कोणी सांगावे लागले नव्हते. आबांचे नाव मात्र पाल्यामुळे नाही, नाकामुळे आहे. कंबरमोडी काय, बांधाबांधावर उगवते. पण माणूस उंबऱ्यात आला की फडके सोडायच्या आधीच आबा वासावरून सांगायचे, "बस," नाहीतर, "घाटीच्या दवाखान्यात जा, हे आपलं काम नाय." हर्सूलपासून फुलंब्रीपर्यंत लोक आबांबद्दल म्हणतात की मुंजाबाचं नाक म्हणजे मशीन हाय.

१२ सप्टेंबर, गुरुवार

दुसरी पाळी असल्यामुळे दुपारपर्यंत घरी होतो. आबा आणि सुकेशनी डोंगराच्या अंगाला पाला आणायला गेले होते. काल संध्याकाळी आवतण देऊन आले, आज आणायला गेले. आमच्यात पाला असा ओरबाडून आणत नाहीत. आदल्या दिवशी झाडाच्या बुडाशी हळद लावलेले तांदूळ ठेवून सांगायचे, उद्या तुला न्यायला येतो, या या माणसाच्या कामाला ये. आवतण देताना झाडासमोर फक्त घरचाच माणूस लागतो. पूर्वी तो घरचा माणूस मी होतो.

येताना दोघे हसत येत होते. ती मोठ्याने हसते हे मला माहीतच नव्हते. माझ्यासमोर ती भांड्यांशी बोलते तेवढेच. आबाही माझ्याशी इतके बोलत नाहीत. नेमका कोणाचा हेवा करायचा हेच ठरत नाही.

घरात आल्यावर आबा चुलीजवळ टेकले. चुलीवर दूध होते. ते उतू जाऊन जळले, घरभर वास सुटला, मी अंगणातून पळत आलो, तरी आबा तिथेच बसून काडीने जमीन कोरत होते.

"ध्यान कुठं असतं हो तुमचं?" आई ओरडली.

सुकेशनीच म्हणाली, "माझंच चुकलं, आत्या. मीच सांगितलं होतं मामांना, राहू द्या म्हून."

जळू द्या म्हणून कोणी सांगते का? शिमग्याच्या तापातून उठल्यापासून आबा असेच झाले आहेत. आणि तिने त्यांची बाजू घ्यायचे कारण काय?

१५ सप्टेंबर, रविवार

मालनबाई आली होती. तिला साखरेचा आजार आहे आणि टाचेला जखम. आबांनी पुन्हा तेच केले. "पोरी, बघ बरं." सुकेशनी वाकली आणि लगेच तिने पदर नाकाला लावला.

मला इतकी लाज वाटली. दारी आलेल्या बाईच्या पायापुढे नाकाला पदर! आणि आबांनी तिला रागवायचे सोडून मालनबाईला काय सांगितले? "आजच्या आज घाटीत जा."

"तुमी हात तरी लावा, भाऊ."

"हात लावायची जखम नाय ही. माझं ऐक."

मालनबाई रडत गेली. सुनेला किळस आली म्हणून आबांनी दारचे माणूस परत पाठवले. माझे आबा असे नव्हते.

१७ सप्टेंबर, मंगळवार

मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी. मी नखे कापली, शर्टांना इस्त्री केली, तरी मन लागेना. शेवटी सुकेशनीला विचारलेच.

"आबा काय शिकवतात तुला?"

"कायी नाय."

"मग रोज कामून जातीस?"

"मामा बोलावत्यात म्हून."

"दसऱ्याला हात तुला देणार हायेत का?"

तिने तांदूळ निवडायचे थांबवले. "तुमी मामांनाच इचारा की. मी मधी कामून बोलू?"

"मी नाही विचारणार."

"मग मलाबी नका इचारू." हे ती रागाने बोलली नाही. डोळ्यांत पाणी होते. पाणी कशाचे, हे मला कळले नाही.

उद्या ती माहेरी पिशोरला जाते आहे. भावजय बाळंत झाली आहे, बारशापर्यंत तिथेच राहील. मला बरे वाटते आहे हे मी इथे खरे लिहितो. निदान आता पाटा माझ्याकडे येईल.

२० सप्टेंबर, शुक्रवार

शेंद्र्याला कंपनीत भंगाराची ट्रॉली ढकलताना पत्र्याची धार बूट चिरून आत गेली. उजव्या पायाची करंगळी आणि तिच्या खालची बाजू. सुपरवायझर म्हणाले, "चल, डॉक्टरकडे, टाके घालून येऊ." मी फक्त धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले. म्हणालो, "साहेब, आमच्या घरीच औषध आहे. लांबून लोक येतात."

बसमध्ये मी एक ठरवले. आबांना सांगायचे नाही. परक्या माणसाची जखम त्यांना उंबऱ्यातून कळते. पोटच्या पोराची सांगावी लागत असेल, तर मग तो हात मला नकोच.

घरी आलो. आबा ओट्यावर लोकर पिंजत बसले होते. मी त्यांच्या अगदी जवळून आत गेलो. मोज्यात रक्त होते.

"आलास का? चहा घे," म्हणाले.

संध्याकाळी मी एकटाच बांधावर गेलो आणि कंबरमोडीला आवतण दिले. हळद होती, तांदूळ होते, शब्द बिनचूक म्हटले. कोणाच्या कामाला, तर माझ्याच. झाडापुढे स्वतःचे नाव घेताना कसेसेच झाले.

२२ सप्टेंबर, रविवार

काल पहाटे पाला आणला, वाटला, जखमेत भरला, फडक्याने घट्ट आवळून वर मोजा चढवला. निंबाच्या पाण्याने धुवायला घ्यायचे तर आईला पाणी तापवायला सांगावे लागले असते आणि सगळे उघडे पडले असते. पाला खरा असेल तर पाण्यावाचून काही अडायचे नाही.

आज गंगापूरकडून एकजण बोट सुजलेल्या मुलाला घेऊन आला होता. पाटा घासून मी तयारच होतो. आबांनी त्याला उंबऱ्यातच थांबवले.

"आज नाय. सूनबाई माहेरी गेलीय, ती आल्यावर या. नायतर सरळ दवाखान्यात दाखवा, ते चांगलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिथे उभा होतो! मुलगा आहे मी!

"आबा, मी वाटतो ना पाला."

"वाटायचं कोन म्हनतंय," ते म्हणाले आणि उठून मेंढरांकडे गेले.

म्हणजे आता सुनेशिवाय औषधसुद्धा चालत नाही. जेवलो नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

पाय ठणकतो. पाला रोज बदलतो. कदाचित आवतणाला तिचीच सवय झाली असेल आणि माझ्या हाकेला झाड मनापासून येत नसेल. हे लिहिताना वेडेपणा वाटतो, पण वाटते तेच लिहायचे ठरले आहे.

आई म्हणाली, "तुझ्या बुटाचा काय वास मारतोय रे, मेलं उंदीर हाय का आत? भाईर ठेव."

"कंपनीतल्या तेलाचा वास आहे," मी म्हणालो. खरेच तेलाचा असेल. दिवसभर मशीनच्या तेलात राहून माझ्या नाकाला आता दुसरे काही फारसे कळत नाही.

पण आबा माझ्या शेजारीच जेवत होते. त्यांनी नाकाची शीरसुद्धा हलवली नाही.

प्रथम वाईट वाटले. बापाला पोराचे काही पडलेले नाही, असे वाटले. मग भाकरी मोडताना डोक्यात उजेड पडला. वाईट जखम असती तर आबांना कळल्याशिवाय राहिले असते का? ज्यांना उंबऱ्यातून कळते, त्यांना ताटाशेजारून कळणार नाही? त्यांना कळत नाही याचा अर्थ जखमेत वाईट असे काही नाहीच. ठणका भरून येण्याचा आहे.

किती दिवसांनी आज पोटभर जेवलो. सुकेशनीचा फोन आला होता. आईकडे दिला.

२६ सप्टेंबर, गुरुवार

कामावर गेलो नाही. अंगात कणकण आहे. पाऊल फुगले आहे आणि घोट्याच्या वर एक लाल रेघ चढली आहे.

भीती वाटली म्हणून मी एक परीक्षा घेतली. आबा ओट्यावर होते. मी मोजा काढून फडके बांधलेला पाय त्यांच्या मांडीजवळ पसरून बसलो. बराच वेळ बसलो. माश्या येत होत्या, त्या मी हाकलत होतो. आबा दावे वळत दूर डोंगराकडे बघत होते.

"आबा, सगळं ठीक आहे ना?"

"ठीकच हाय की. तुला काय झालं? चेहरा उतरलाय."

"काही नाही. पाय मुरगळला."

"शेक घे मंग."

त्यांच्या नाकाने निकाल दिला. आता काळजीचे कारण नाही. तरी अक्षर बिघडते आहे, त्याबद्दल क्षमा असावी. क्षमा कोणाची मागतो आहे कोण जाणे.

१ ऑक्टोबर, मंगळवार, घाटी

वॉर्डात आहे. डायरी आईने आणून दिली. शुक्रवारचे आज लिहितो आहे. त्या तारखेचे पान कोरेच राहू दिले.

शुक्रवारी दुपारी सुकेशनी आली. बारसे आटोपून दोन दिवस राहणार होती, पण आईने फोनवर बुटाच्या वासाचे हसत सांगितले होते म्हणे. ते मनात खटकत राहिले, म्हणून बारसे होताच ती निघाली. मी बाजेवर पडलो होतो, आबा पायथ्याशी बसले होते. ती पिशवी घेऊन उंबऱ्यात आली आणि तिथेच थांबली. तिने पदर नाकाला लावला.

मला राग आला. म्हटले, माझ्यापुढेसुद्धा!

"अहो, कुठं लागलंय?" ती म्हणाली. माझ्या पायाकडे तिने बघितलेही नव्हते.

"काही नाही लागलं."

पिशवी टाकून ती आबांकडे वळली. "मामा, मालनबाईच्या पायाचा होता, तसाच वास हाय. त्याच्याहून वंगाळ हाय."

आबांचा चेहरा असा मी कधी बघितला नव्हता. ते बाजेच्या कडेला गुडघ्यावर बसले, फडके ओढून काढले, आपले तोंड थेट माझ्या पावलाला लावले आणि जोराने श्वास आत घेतला. पुन्हा घेतला. मग सुकेशनीकडे वर बघितले, आंधळा माणूस बघतो तसे.

"कायीच येत नाय गं," ते म्हणाले. "पोराचाबी येत नाय."

पुढचे मला तुकड्या-तुकड्यांनी आठवते. कारभाऱ्यांची जीप. हर्सूलच्या जेलची लांब भिंत. सुकेशनीच्या मांडीवर माझा पाय.

ऑपरेशन झाले. करंगळी गेली, तिच्या शेजारचे बोट गेले. पाऊल राहिले. डॉक्टरबाईंनी विचारले, काय लावले होते? मी कंबरमोडी म्हणालो. मला वाटले ओरडतील. त्या म्हणाल्या, "ओरखड्याला लावतात लोक, मला माहीत आहे. पण एवढी खोल जखम न धुता पाला भरून बुटात कोंडली, तिथे कोणता पाला काय करणार? आणि ताप आल्यावर थांबलात कशासाठी?"



३ ऑक्टोबर, गुरुवार, घाटी

आज घटस्थापना. आबा सकाळी आले. आई आणि सुकेशनी खाली चहाला गेल्यावर बोलले. बोलताना माझ्याकडे न बघता खाटेच्या लोखंडाकडे बघत होते.

"शिमग्याच्या तापात नाक गेलं. वाटलं, येईल माघारी. नाय आलं. एक दिवस आंबलेलं वरण मी गपागप खाल्लं, ते पोरीनं बघितलं. तिला म्हनलं, बोलू नको कुनाला. तिला शपथ घातली मी."

"मला का नाही सांगितलं?"

"तू समदं लिहून ठेवतोस लेका."

"डायरी तर मी आत्ता सुरू केली, आबा."

"ल्हानपनापासून लिहितोस. भितीवर लिहायचास. मेंढीला काय झालं, कोन आलं, कोन गेलं." ते थोडे हसले आणि लगेच थांबले. "तसं नाय. तुला सांगायची लाज वाटली. तू माझ्या नाकाकडं लई मोठ्या डोळ्यांनी बघायचास. म्हनून दार बंद बी करता येईना. लोक येतच राह्यले. एखाद्याची सडकी जखम मी पाला लावून घरी धाडली असती तर? म्हनून पोरीला म्हनलं, तू वास घे, मी बोलतो."

"आणि डोंगरावर काय हसत होता दोघं?"

हे मी विचारले. बोटे गेली तरी हे विचारल्यावाचून राहवले नाही.

"ती मला फुलं हुंगायला द्यायची आन मी चुकीचं नाव सांगायचो," आबा म्हणाले. "घाणेरीला मोगरा म्हनायचो. रडन्यापरीस बरं."

मग त्यांनी खिशातून आवतणाचे तांदूळ काढले, तळहातावर बघितले आणि परत ठेवले. "तू माझ्या मांडीजवळ पाय ठेवून बसला होतास," म्हणाले. "मी दावं वळत होतो."

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

घरी आलो. काठी आहे.

आपट्याची पाने द्यायला लोक आले, तेव्हा आबांनी सर्वांसमोर सांगितले. माझं नाक शिमग्यापासून गेलंय, तुमच्या जखमा माझ्या सुनंनं वळखल्या. मालनबाई आली होती. टाचेला दवाखान्याची स्वच्छ पट्टी होती. ती सुकेशनीच्या पाया पडायला वाकली, तर ही मागे सरकली. शेवटी कारभारी म्हणाले, "म्हंजी आमी इतके दिवस सूनबाईच्या नाकावर जगलो व्हय?" मग सगळे हसले.

आबांनी कंबरमोडी आणि तांदूळ तिच्या ओंजळीत घातले. मी भिंतीला टेकून बघत होतो. मनातून बरे वाटले असे लिहिले तर ते खोटे होईल. ती ओंजळ माझी होती. ओंजळ धरताना तिने एकदा माझ्याकडे बघितले, विचारल्यासारखे. मी मान हलवली. मान हलवणे आणि मन मोकळे होणे एक नाही, हे तिला कळले असणार. माझ्या पायाचे तिला उंबऱ्यातून कळले. मनातले इतके दिवस कळले नसेल, असे मला वाटत नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

पट्टी रोज सकाळी बदलायची आहे. डॉक्टरबाईंनी सुकेशनीला शिकवून पाठवले आहे. उकळून गार केलेले पाणी, दवाखान्याची जाळी, गोळ्या वेळेवर. पाला नाही. हात जिच्याकडे आहे तीच पाला नको म्हणते आहे.

पट्टी सुटली की आधी आबा येतात. बाजेला हात टेकून वाकतात, नाक जवळ नेतात, श्वास घेतात आणि मान हलवून बाजूला होतात. रोज. त्यांना नको म्हणायचे धाडस मला होत नाही.

मग ती वाकते. ती वाकल्यापासून सरळ होईपर्यंत मी तिच्या पदराकडे बघत असतो. माझा अजून जळफळाट होतो, आणि मी श्वास धरून बसतो तोही तिच्याच नाकासाठी.

आज पदर हलला नाही.

"चांगली हाय," ती म्हणाली. आबांना नाही, मला.